झाडून काढलेली दीर्घिका

सोलापुरात धूळ फुकट मिळते, ती बघायला आकाशात दुर्बीण कशाला पाठवली, हा अक्कलकोट रस्त्यावरच्या अवकाश नियंत्रण केंद्राबद्दलचा गावातला आवडता विनोद होता. केंद्रातल्या लोकांनी तो इतक्या वेळा ऐकला होता की आता ते नुसती मान हलवत. त्यांची दुर्बीण, 'निहारा', पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर दूर, सूर्याकडे पाठ करून, द्रव हेलियमच्या थंडीत बसलेली होती. ताऱ्यांच्या उजेडाने किंचित ऊब आलेली धूळ जे अवरक्त किरण टाकते, ते तिला दिसत. हेलियम आता संपत आले होते. ते संपले की दुर्बीण स्वतःच तापणार आणि तिला स्वतःच्या उष्णतेपलीकडचे काहीही दिसणार नव्हते.

या केंद्रात डॉ. हेमांगी सोनटक्के 'केरसुणी' सांभाळत असे. कागदोपत्री या संगणक-प्रणालीचे नाव 'निकटधूलि-निरास प्रणाली' असे भारदस्त होते, पण ते कोणी उच्चारत नसे. आपण दूरच्या दीर्घिका पाहतो त्या आपल्याच आकाशगंगेच्या धुळीतून, आणि ही जवळची धूळही अवरक्तात तेवत असते. केरसुणी ती ओळखायची आणि तिचा उजेड चित्रातून वजा करायची. हे सगळे दुर्बिणीवरच चाले, कारण कच्ची निरीक्षणे पृथ्वीवर पाठवण्याइतकी मोठी संदेशवाहिनी निहाराला परवडलेली नव्हती. खाली दोनच गोष्टी येत. एक, झाडलेले स्वच्छ चित्र. दुसरी, झाडून काढलेला उजेड, जो आपोआप जवळच्या धुळीच्या नकाशात भरला जाई. कच्चे निरीक्षण पुसले जाई.

स्वच्छ चित्रांवर सगळ्यांच्या उड्या पडत. दुसरी टोपली, झाडून काढलेल्या उजेडाची, उघडून बघणारी हेमांगी एकटीच होती. केर कोण बघतो?

जगभर वापरल्या जाणाऱ्या त्या नकाशाचे नाव 'उपळेकर नकाशा'. तो करणारे डॉ. विश्राम उपळेकर केंद्राचे संचालक होते आणि कधीकाळी हेमांगीचे मार्गदर्शकही. तिने पंधरा वर्षांपूर्वी प्रबंध लिहिला होता. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांच्या अगदी मध्यात जी राक्षसी दीर्घिका असते, तिच्यात धूळ आहे आणि त्या धुळीआड नवे तारे जन्मत आहेत, असा तिचा दावा होता. उपळेकरांनी भर सभेत तो फेटाळला. मध्यवर्ती दीर्घिका म्हाताऱ्या आणि वांझ असतात, तू पाहिलीस ती आपल्याच आकाशगंगेची धूळ, आधी स्वतःचे अंगण झाडायला शिक, असे ते म्हणाले आणि सभागृह खो खो हसले. तेव्हा एकच व्यक्ती तिच्या बाजूने उठली होती, तिची मैत्रीण सरोजा येमूल. हसणारे थांबेपर्यंत सरोजा तशीच उभी राहिली होती.

एवढ्यावर भागले असते तर हेमांगी कदाचित विसरलीही असती. पण उपळेकर चांगले शिक्षक होते. निहाराच्या कितीतरी आधी, जुन्या दुर्बिणींसाठी केरसुणी तयार होत असताना, तिला जवळची धूळ ओळखायला शिकवायला त्यांनी हेमांगीच्या दीर्घिका उदाहरणे म्हणून वापरल्या: हे असे दिसले की काढून टाक. आणि केरसुणीच्या माहितीपुस्तिकेत त्या चुकीला नाव दिले, 'सोनटक्के दोष'. ते नाव पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. दर वर्षी कुठल्यातरी देशातला कोणीतरी विद्यार्थी परीक्षेत लिहायचा की सोनटक्के दोष म्हणजे अंगणातला केर दूरचा समजणे. तिच्या वडिलांनी आयुष्यभर सांभाळलेले आडनाव मूर्खपणाची व्याख्या होऊन बसले होते. हेमांगीला दुसरे काही नको होते. तिला ते नाव धुऊन हवे होते, आणि ज्या हाताने ते डागाळले त्याच हाताने धुतलेले हवे होते.

म्हणून निहारा उडाल्यावर कोणालाच नको असलेली केरसुणीची जागा तिने मागून घेतली. उपळेकरांना त्याची गंमत वाटली. झाडायला शिकली एकदाची, असे ते कोणाला तरी म्हणाल्याचे तिच्या कानावर आले.

हेलियमचे शेवटचे दिवस मोजणे सुरू झाले तेव्हा ते एका दुपारी तिच्या खोलीत आले. दार लावून घेतले. आपणहून खुर्ची ओढून बसले, तिच्या टेबलावरचा चहाही त्यांनीच प्यायला. अगस्त्य नावाच्या समूहाबद्दल बोलायचे होते. त्या समूहाच्या मध्यवर्ती दीर्घिकेवर शेवटचे निरीक्षण करायचे त्यांनी ठरवले होते, आणि त्यापुरती केरसुणी बंद ठेवायची होती.

"का, सर? तिथे तर काहीच नसतं ना?" हेमांगीने विचारले.

उपळेकर सावरून बसले. क्ष-किरणांचे नवे निष्कर्ष हाती आलेत, म्हणाले. मग त्यांनी समजावायला सुरुवात केली, आणि हेमांगीने त्यांना अडवले नाही.

"समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत वायू भरलेला असतो, कोट्यवधी अंश तापलेला. मध्यात तो दाट असतो. दाट वायू लवकर निवतो. निवला की मध्यवर्ती दीर्घिकेवर ओतला जायला हवा आणि त्यातून तारे व्हायला हवेत."

"पण होत नाहीत."

"कारण तिच्या पोटात कृष्णविवर आहे. वायू आत पडला की ते झोत सोडतं, आणि झोत सगळा वायू पुन्हा तापवतात. म्हणून आपण म्हणत होतो की ती दीर्घिका वांझ आहे."

आपण. हेमांगीने तो शब्द ऐकला आणि गिळला.

"अगस्त्यमधले झोत निवळलेत. वायू खरोखर थंड होतोय. तारे जन्मत असणारच, फक्त त्यांचा निळा उजेड धुळीआड अडतो, म्हणून साध्या दुर्बिणीला दिसत नाही. धूळ त्या उजेडाने तापते आणि अवरक्तात बोलते."

"पण त्या तापलेल्या वायूत धूळ टिकेल कशी? आदळून आदळून एकेक कण झिजून जाईल. दहाएक लाख वर्षांत खलास. विश्वाच्या हिशेबात ते काहीच नाही."

हा प्रश्न शब्दशः उपळेकरांनीच तिला त्या सभेत विचारला होता. त्यांच्या ते गावीही नव्हते. ते उलट खूश झाले.

"तेच तर मर्म आहे, हेमांगी. टिकत नाही, आणि तरी दिसते, याचा अर्थ ती ताजी आहे. मोठे तारे जन्मून, मरून, फुटून ती आत्ता आत्ता ओकलेत. धूळ हाच ताऱ्यांच्या जन्माचा पुरावा."

हे वाक्य तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होते. माणूस चोरी करतो तेव्हा निदान इकडेतिकडे बघतो, एवढीही तसदी त्यांनी घेतली नव्हती.

तिने शांतपणे विचारले की केरसुणी बंद ठेवायचा लेखी आदेश कधी मिळेल. उपळेकर हसले. लेखी कशाला, आपल्या-आपल्यात. तिला कारण ठाऊक होते. लेखी आदेश म्हणजे केरसुणी खऱ्या दीर्घिका पुसते याची कबुली, आणि मग सोनटक्के दोष हा दोष कोणाचा, हा प्रश्न पहिल्यांदा उठला असता. त्यांना शोध हवा होता, शोधाचा इतिहास नको होता. निवृत्तीच्या समारंभात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर दीर्घिका उमटवायचा त्यांचा बेत होता.

"बघते, सर," हेमांगी म्हणाली.

ते तिची पाठ थोपटून गेले. त्यांना 'बघते' म्हणजे 'हो' असे ऐकायची सवय होती.

त्या आठवड्यात रोज दुपारी ती सरोजाबरोबर डबा खात होती, नेहमीसारखीच. सरोजा दूरच्या तारास्फोटांवरून विश्वातली अंतरे मोजायची. स्फोट मंद दिसला तर त्यातली किती मंदी अंतरामुळे आणि किती वाटेतल्या धुळीमुळे, हे ठरवायला ती उपळेकर नकाशाच वापरायची. सगळेच वापरत. तिची विद्यार्थिनी अश्विनी गड्डम हिचा प्रबंध पुरा होऊन परीक्षकांकडे गेला होता आणि सरोजा त्या आनंदात कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी जरा जास्तच वाढत होती. काय गं, गप्प गप्प का, तिने एकदा विचारले. हेमांगी म्हणाली, काही नाही.

समारंभाच्या संध्याकाळी सभागृह भरून गेले. जुने विद्यार्थी आले होते, वर्तमानपत्रवाले आले होते, दिल्लीहून केंद्राच्या नियामक मंडळाचे दोन सदस्य आले होते. शाल झाली, श्रीफळ झाले, सोलापुरी चादरीही झाल्या. मग उपळेकरांनी सांगितले की आता निहारा तिचे शेवटचे मोठे निरीक्षण पाठवणार आहे आणि आपण विज्ञानाचा एक समज मोडताना पाहणार आहोत. कुठला समज, हे त्यांनी गुलदस्त्यात ठेवले. हेमांगी तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती.

पडद्यावर चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागले. कडेच्या दोनचार दीर्घिका फिकट ठिपक्यांसारख्या आल्या. मध्य आला. मध्य काळा होता. एकसारखा, स्वच्छ, झाडून लखलखीत केलेला काळा.

उपळेकर पडद्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी वळून तिसऱ्या रांगेकडे पाहिले. त्यांना समजले. त्यांना समजल्याचे हेमांगीला समजले, आणि तिच्या अंगावर सुखाचा काटा उभा राहिला. ती हे नाकारण्यातली नव्हती. पंधरा वर्षे तिने हा चेहरा मनात रंगवला होता आणि खरा चेहरा त्याहून चांगला निघाला.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. केरसुणी चालू राहिली, तिने खरी दीर्घिका पुसली, असे सांगून टाकायचे. म्हणजे ती खऱ्या दीर्घिका पुसते, म्हणजे सोनटक्के बरोबर होती. किंवा हा काळा डाग आपलाच म्हणायचा. उपळेकर हुशार होते, त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

हाच तो समज, ते म्हणाले. अलीकडे काही परदेशी मंडळींना असे वाटू लागले आहे की समूहाच्या मध्यवर्ती दीर्घिका पुन्हा तारे प्रसवतात. निहाराने आज दाखवून दिले की तिथे काहीही नाही. जे वरवर दिसते ती आपल्याच आकाशगंगेची धूळ, आणि केरसुणीने ती अचूक काढली आहे. टाळ्या पडल्या. सोनटक्के बरोबर होती असे म्हणण्यापेक्षा या माणसाने आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध पायाखाली घालणे पसंत केले, हे पाहून हेमांगीचा उरलासुरला संकोच गेला. तिने हात वर केला.

"सर, एक शंका. केरसुणीने अगस्त्यच्या मध्यातून जे काढलं ते सगळं आपल्याच आकाशगंगेतलं आहे, याची तुम्हाला खात्री आहे?"

मागे फिरायची ही शेवटची संधी होती आणि तिने ती सगळ्यांदेखत दिली होती. उपळेकर सभेकडे पाहून हसले.

"त्या नकाशाला माझं नाव आहे."

"मग झाडून काढलेला भाग पडद्यावर घेऊ या."

ती उठून नियंत्रकाच्या टेबलापाशी गेली आणि तिने स्वतः त्या भागाचा वर्णपट लावला. दुसरी टोपली बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. जुन्या दुर्बिणी धुळीची फक्त तेजस्विता मोजत. निहारा प्रत्येक ठिकाणचा वर्णपटही घ्यायची, आणि केरसुणी जे झाडायची ते वर्णपटासकट झाडायची. हेमांगीने एका उंच रेषेवर बोट ठेवले.

"ही कार्बनची रेषा. जिथे धूळ असते तिथे थंड वायू असतो, आणि त्यातला कार्बन ही रेषा देतो. आपल्या आकाशगंगेतली धूळ आपल्यापासून पळून जात नाही, म्हणून रेषा जागच्या जागी हवी. ती इथे सरकली आहे. सेकंदाला वीस हजार किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या वस्तूची सरकावी इतकी. अगस्त्य समूहाचा वेग तेवढाच आहे. अंगणातला केर इतक्या वेगाने पळत नाही, सर."

कोणी हसले नाही. तिने त्या उजेडावरून निघणारा ताऱ्यांच्या जन्माचा वेग सांगितला. आपल्या आकाशगंगेत होतात त्याच्या कितीतरी पट तारे तिथे होत होते. मग तिने उपळेकर नकाशा अख्खा उघडला आणि मोठ्या समूहांची मध्यस्थाने त्यावर एकेक करून खुणावली. पुष्कळ ठिकाणी, नेमक्या मध्यावर, जवळच्या धुळीचा म्हणून नोंदलेला एक गोळा होता. केरसुणी इमानदार होती. शिकवल्याप्रमाणे तिने त्या दीर्घिका चित्रातून काढल्या होत्या आणि शिकवल्याप्रमाणेच नकाशात नेऊन ठेवल्या होत्या. हेमांगीच्या प्रबंधातल्या तर सगळ्याच त्यात होत्या.

"मी तुला केरसुणी बंद ठेवायला सांगितलं होतं," उपळेकर म्हणाले. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"का, सर?"

त्यांनी तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. थोड्याच वेळापूर्वी नकाशा अचूक असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले होते. मग दिल्लीच्या सदस्यांपैकी एकाने कोरड्या आवाजात विचारले की संचालकांना केरसुणी खऱ्या दीर्घिका पुसते हे आधीपासून माहीत होते का. उपळेकर खाली बसले. खांद्यावरची शाल घसरून खुर्चीमागे पडली आणि ती कोणी उचलली नाही.

नंतर हेमांगीभोवती गर्दी झाली. पाठ्यपुस्तके बदलावी लागतील, असे कोणी म्हणाले. दोषाचे नाव आता काय ठेवायचे, असे एका वार्ताहराने विचारले. ज्यांचा दोष त्यांचे नाव ठेवा, ती म्हणाली, आणि तो लिहून घेईपर्यंत तिथेच थांबली.

अंधार पडल्यावर ती आपल्या खोलीत परतली. सरोजा तिथे बसली होती. दिवा लावलेला नव्हता, नुसता संगणकाचा पडदा उजळला होता.

"अभिनंदन करायला आले होते," सरोजा म्हणाली. "तू नव्हतीस, म्हणून दुसरी टोपली उघडून बघत बसले. जुनी पण. कधीपासून माहीत होतं तुला?"

हेमांगीला खोटे बोलता आले असते.

"निहाराचा पहिला वर्णपट आला तेव्हापासून."

"तीन वर्षं झाली की त्याला."

"हो."

सरोजा सावकाश बोलू लागली, विद्यार्थ्यांना सांगावे तसे. धूळ दीर्घिकेच्या मध्यात असते, सरोजा मोजायची ते तारास्फोट होतात कडेला. नकाशा जाडाभरडा, तो मधली धूळ कडेपर्यंत पसरून दाखवतो. म्हणजे जिथे धूळ नव्हतीच तिथे तिने धूळ धरली होती. स्फोट होते त्याहून तेजस्वी मानले होते आणि अंतरे होती त्याहून कमी. समूहांतल्या स्फोटांवर केलेले तिचे सगळे काम गेले होते, आणि अश्विनीचे तर तेवढेच काम होते.

"तीन वर्षांपूर्वी तिनं नुसती सुरुवात केली होती बघ. मला एक शब्द सांगितला असतास तर दुसरा विषय दिला असता."

"तू गप्प बसली नसतीस. लगेच छापायला लावलं असतंस."

"मग छापायचं की."

"छापलं असतं तर ते म्हणाले असते, माझ्या विद्यार्थिनीने माझा नकाशा सुधारला. चूक मोठेपणाने मान्य केली म्हणून पुन्हा त्यांचाच सत्कार. सरोजा, मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. त्यांनी आधी नकाशाची शपथ घ्यायला हवी होती, सगळ्यांसमोर. त्याच्याशिवाय ते सापडले नसते."

सरोजाने मान डोलावली. हिशेब तिला पटला होता. पटलेली गोष्ट तिने कधी उगाच नाकारली नव्हती.

"सोमवारी अश्विनीची तोंडी परीक्षा आहे," ती म्हणाली. "आता भरल्या खोलीत कोणीतरी विचारणारच, नकाशा तपासून घेतला होता का म्हणून. तिनं काय सांगायचं? केरसुणी सांभाळणारी बाई रोज आमच्या मॅडमबरोबर जेवायची, असं सांगायचं का?"

हेमांगीला ती मुलगी दिसली, लोकांसमोर उभी, हातातला कागद चुरगाळत. त्या जागेवर उभे राहणे म्हणजे काय, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तिला वाईट वाटले, मनापासून वाटले. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे उपळेकरांचे उघडे राहिलेले तोंड होते, आणि ते आठवले की छातीत अजून गोड वाटत होते. तिने ते दाबायचा प्रयत्न केला. दबले नाही. सोमवारी मी येते, मी सगळं सांगते, असे ती म्हणाली.

"नको येऊस," सरोजा म्हणाली. "मी उभी राहते तिच्याजवळ. मला सवय आहे."

तिने पिशवीत डबा ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि दारापाशी थांबली.

"एक सांग. बरं वाटलं का तुला?"

"हो," हेमांगी म्हणाली.

ते खरे होते. अर्धवट उजेडातही सरोजाला तिच्या चेहऱ्यावर ते दिसले असावे. तिने दार बाहेरून लावून घेतले आणि ती निघून गेली.